खाणावळीची खानेसुमारी

मी एम. ए.ला अर्थशास्त्र घेतलं, तेव्हा आमच्या अवसरी गावात हा विषय नेमका कशाशी खातात हे कुणालाच माहीत नव्हतं. वडिलांनी भावकीत सांगून टाकलं होतं, की पोरगं बँकेचं शिकतंय. पुण्याच्या कॉलेजातल्या सरांनी मला प्रबंधासाठी विषय दिला : पुणे महानगर परिसरातले लोक, घरं आणि अर्थव्यवस्था. मी चाचरत म्हटलं, "सर, लई मोठं होतंय." सर म्हणाले, "अरे, माहिती सरकारनं गोळा केलेलीच आहे. तू फक्त जाऊन आणायची." कोपऱ्यावरून साखर आणायला सांगावं, इतक्या सहज.

मी आकडेवारीच्या एका कचेरीत गेलो. तिथल्या कारकुनाने चष्म्यावरून बघितलं.

"आकडे कशाला पाहिजेत?"

"अभ्यासाला."

"कुणाच्या?"

"माझ्याच."

हे कारण त्याला संशयास्पद वाटलं असावं. त्याने कॉलेजचं पत्र मागितलं. पत्र नेलं तर त्यावर जावक क्रमांक नव्हता. क्रमांक घालून आणला, तेव्हा कळलं की पुस्तक आहे, पण ते कपाटात आहे, आणि कपाट ज्यांच्या ताब्यात आहे ते साहेब निवडणुकीच्या कामावर गेलेत.

"पण ही माहिती सार्वजनिक आहे ना?" मी विचारलं.

"माहिती सार्वजनिक आहे," तो शांतपणे म्हणाला, "कपाट खात्याचं आहे."

शेवटी एका जुन्या ग्रंथालयात तेच पुस्तक सापडलं. मी हरखून उघडलं, तर माझ्याआधीच्या कुणा अभ्यासकाने घरांची सगळी पानं ब्लेडने कापून नेलेली. त्या पुस्तकातल्या पुण्यात माणसं होती, कामधंदे होते, पण राहायला घर एकालाही नव्हतं. उरलेले आकडेही मागच्या जनगणनेचे. पुस्तकात जिथं ज्वारी उभी होती, तिथं मी रोज सकाळी कारखान्याच्या भिंतीलगत अंग चोरून बसमध्ये चढत होतो.

सरांना सांगितलं, तर ते म्हणाले, "मग तूच जा लोकांकडे. विचार आणि लिही."

लोक शोधायला मला लांब जायचं नव्हतं. मी भोसरीत आत्याकडेच राहत होतो. आत्या म्हणजे वडिलांची धाकटी बहीण, निरगुडसरला दिलेली. तिचे यजमान, म्हणजे माझे मामा (आमच्याकडे आत्याच्या नवऱ्याला मामाच म्हणतात), भोसरीच्या एका कारखान्यात लागले आणि संसार इकडे आला. पुढे कारखान्याला टाळं लागलं. मामा रोज गेटवर जाऊन बसू लागले, आणि आत्याने पत्र्याच्या दोन खोल्यांत खाणावळ काढली. जुन्नर-आंबेगावची पोरं, कुणी लेथवर, कुणी वेल्डिंगला, तिच्याकडे जेवायची. पिठलं-भाकरी रोजची, रविवारी मासवडी.

मी कागद घेऊन या पोरांनाच गाठलं.

"तुम्ही राहता कुठं?"

"आमी? जुन्नरला," लेथवाला म्हणाला.

"मग इथं?"

"इथं निस्तं झोपतो, भाऊ."

शनिवारी त्याच्या गावी जाऊन हाच प्रश्न विचारला, तर गावकरी म्हणाले, "त्यो व्हय? त्यो पुण्यात राहतो." माझ्या पाहणीप्रमाणे लेथवाला कुठंच राहत नव्हता. सरांनी कागद चाळले आणि 'पद्धतीत दोष' असा शेरा मारला.

अशातच खुद्द सरकारची जनगणना, जुन्या भाषेत खानेसुमारी, दाराशी आली. एक शाळामास्तर, घामाघूम, बगलेत मोठ्या कागदांची पिशवी. मी त्यांना आदराने खुर्ची दिली. पुस्तकातले आकडे ज्या झऱ्यातून निघतात, तो झरा पहिल्यांदाच पाहत होतो. मास्तरांनी नावं लिहिली, खोल्या मोजल्या, मग आत्याला विचारलं, "यजमान काय करतात?"

"कंपनीत हायेत," आत पडलेले मामा ओरडले.

"कंपनी बंद हाय," आत्या म्हणाली.

मास्तरांनी मामांचं ऐकलं. "आणि ताई, तुम्ही? घरकाम, नाही का?" पेन टेकलंसुद्धा.

"घरकाम न्हाई. खानावळ चालवते मी."

"म्हणजे स्वयंपाकच ना."

"आन् हाटेलवाला काय करतो मग? त्याला काय लिवता?"

"तो व्यवसाय झाला, ताई. त्याला गल्ला असतो, पाटी असते. तुम्ही घरात करता, ते घरकाम."

मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मध्ये पडलो आणि उत्पादक श्रमाची व्याख्या सांगू लागलो. दोघांनीही माझ्याकडे पाहिलं नाही.

आत्याने वाद तिथंच सोडला. "ऱ्हाऊ द्या मास्तर. उन्हाचं आलाय, दोन घास खाऊन घ्या." मास्तर खरोखर भुकेले होते. योगायोगाने रविवार होता. त्यांनी मासवडी खाल्ली, रस्सा पुन्हा मागून घेतला, वर ताकही प्याले. तृप्त होऊन हात धुतला आणि पिशवी उचलली.

आत्या दारात उभी राहिली. "जेवणाचं पैसं?"

मास्तरांचा चेहरा उतरला. "अहो, मला वाटलं… पाहुणा म्हणून…"

"पावणं कसलं, तुमी गिऱ्हाईक. पावण्याला आमी रस्सा मागाया लावीत नाय, तसाच वततो."

मास्तरांनी मुकाट्याने पैसे काढले. आत्याने ते कनवटीला लावले आणि म्हणाली, "आता लिवा. हे घरकाम आसंल तर पैसं वापस देते."

मास्तर पुन्हा खुर्चीत बसले. त्यांनी लिहिलेलं खोडलं आणि वर 'खाणावळ' असं लिहिलं. आत्याला वाचता येत होतं, जुनी चौथी झाली होती. तिने मान वाकडी करून ते वाचलं, आणि मगच दारातून बाजूला झाली. आत मामा कुशीवर वळल्याचा आवाज आला.

माझा प्रबंध काठावर पास झाला. काही वर्षांनी मला मंचरजवळ एका कॉलेजात नोकरी लागली. कॉलेजात इंटरनेट आलं, आणि ज्या आकड्यांसाठी मी कपाटापुढे उभा राहिलो होतो, ते बसल्या जागी पडद्यावर दिसू लागले. त्या परिसरातल्या काम करणाऱ्या बायकांचा तक्ता छापून मी आत्याला दाखवायला नेला. तोवर खाणावळीला खरीखुरी पाटी लागली होती आणि मामा भाजी निवडायला बसत होते.

"ह्यात मी कुठं हाय?" तिने विचारलं.

मी एका आकड्यावर बोट ठेवलं. "ह्या बायकांमध्ये एक तू."

तिने तो आकडा निरखून पाहिला. "येवढ्या जणी?" ती म्हणाली. "मला वाटलं, मी एकटीच भांडले."

मग तिने मामांना हाक मारून कोथिंबीर आणायला पिटाळलं.