सिमसांगची ओटी

माझी लेक ड्युसेलडॉर्फला राहते आणि दर रविवारी सकाळी मला फोनवर रागावते. मी ब्राउनश्वाइगला. मधे काही तासांची रेल्वे आणि एक न सुटलेला प्रश्न. हे गेल्यापासून ती म्हणतेय, "आई, आमच्याकडे ये. कायमची." आणि मी म्हणतेय, "बघू." ह्या "बघू"वर आम्ही दोघींनी आणखी बरीच वर्षं काढली असती, पण ह्या हिवाळ्यात मला ताप आला. मोठं काही नाही, घरात पडून होते एवढंच. बरी झाल्यावर खालच्या बेकरीत गेले, पाव मागायला तोंड उघडलं, तर आवाजच फुटेना. घसा दुखत नव्हता. इतक्या दिवसांत तो वापरलाच नव्हता. काउंटरवरची मुलगी थांबली, मागची रांग थांबली, आणि मी बोटाने दाखवून पाव घेतला.

हे लेकीला सांगायला नको होतं. मी गंमत म्हणून सांगितलं. ती हसली नाही.

"आल्झो, आता ऐक," ती म्हणाली. ही जर्मन सुरुवात झाली की समजायचं, पुढे आज्ञा आहे. "आम्ही घर बदलतोय. तू येणार असशील तर चार खोल्यांचं बघतो, नाहीतर तीन. पुढच्या रविवारी हो की नाही सांगायचं. 'बघू' चालणार नाही."

ह्या देशात रविवारी ड्रिल मशीन चालवायचं नाही, रिकाम्या बाटल्या कंटेनरमध्ये टाकायच्या नाहीत, शेजाऱ्याची शांतता मोडायची नाही. मी सोमवार ते शनिवारही कसलाच आवाज करत नाही. माझ्याकडे रोजच रविवार. मग लेकीकडे जायला अडचण काय? अडचण माझ्या आईची. ती म्हणायची, "लेकीकडे पाहुणचार घ्यावा, बिऱ्हाड मांडू नये." आईला जाऊन जमाना झाला. तिचं वाक्य मात्र माझ्याबरोबर विमानात बसून जर्मनीला आलं आणि अजून माझ्याच घरात राहतंय. मी सायकल चालवते, पँट घालते, उघड्यावर उभी राहून ब्रेत्सेल खाते. पण लेकीच्या घरी राहायचं म्हटलं की माझ्या डोक्यावर पदर येतो.

त्या आठवड्यात मी रोज ओकरच्या काठी जाऊन बसले. ओकर ही आमच्या गावची नदी, शिस्तीची. काठ बांधलेले, बदकं आपापल्या जागी. तिच्याकडे बघताना मला नेहमी दुसरी नदी आठवते, जिला शिस्त अशी माहीतच नव्हती. सिमसांग.

लग्नानंतरची पहिली दोन वर्षं आम्ही मेघालयात, गारो टेकड्यांत होतो. एका पुलाच्या कामावर यंत्रं बघायला ह्यांची नेमणूक झाली होती. जर्मनीबिर्मनी सगळं नंतरचं. तिथे एका म्हातारीच्या बांबूच्या घरात अर्धा भाग आम्हाला राहायला मिळाला. तिकडे आजीला आम्बी म्हणतात, म्हणून मीही आम्बीच म्हणायची. आम्बीची धाकटी लेक मिशनच्या शाळेत शिकलेली, तिला हिंदी यायचं. म्हातारी बोलायची आणि लेक मला त्यातलं निम्मं सांगायची. उरलेलं निम्मं माझ्याबद्दल असायचं, हे त्यांच्या हसण्यावरून कळायचं.

मी तेव्हा तेवीसची. अक्कल तेराची. आपण फार लांब, रानटी मुलखात आलोय आणि इथल्या लोकांना आपली संस्कृती दाखवणं आपलं काम आहे, असा माझा समज होता. अंगात ताप नसताना इतकं बरळणारी बाई मी नंतर पाहिली नाही.

हिवाळ्यात एक दिवस आम्बी म्हणाली, चल, नदी दाखवते. नदी मी रोज लांबून बघत होतेच. पण तिचं म्हणणं असं की काठावरून बघणं म्हणजे बघणं नव्हे. तिथली माणसं मासे तिच्यातून आणतात, कपडे तिच्यात धुतात, रुसून तिच्या काठी जाऊन बसतात, आणि गोष्ट सांगायची झाली तर कुठलीही गोष्ट फिरून तिच्याच पाण्यात उतरते. घरी आलेल्या सुनेला कुलदैवताला नेतात, तसं ती मला नेणार होती. निदान मला तसं वाटलं. म्हणून मी इरकल साडी नेसले, नाकात नथ घातली आणि पिशवीत नारळ, खण, तांदूळ, हळदकुंकू घेतलं. नदीची ओटी भरायची. आमच्याकडे पहिल्यांदा नदीला गेलं की भरतात.

होडी आम्बीच्या जावयाची, म्हणजे त्या धाकट्या लेकीच्या नवऱ्याची; लेकही बरोबर होती. खाली बसायला बांबूची फळी आणि फळीवर इरकलचा घोळ सावरत बसलेली मी. पाणी हिरवं आणि इतकं नितळ की तळाचे गोटे आणि त्यांच्यावरून सरकणारे मासे स्पष्ट दिसत होते. दोन्ही बाजूंनी जंगल उतरून आलेलं. मला तेव्हा एकदम जाणवलं की ह्या टेकड्यांत माझ्या ओळखीचं एकही माणूस नाही, नवरासुद्धा नाही, कारण लग्नाला फार दिवस झाले नव्हते. रडू येऊ नये म्हणून मी घाईघाईने ओटी काढली.

हळदकुंकू वाहिलं. तांदूळ सोडले, ते माशांनी पळवले. खण सोडला. मग हात जोडून नारळ सोडला.

जावयाने वल्हं टाकलं आणि पाण्यात उडी मारली. चार हात मारून त्याने नारळ पकडला, परत आला आणि मोठ्या अदबीने माझ्या मांडीवर ठेवला. त्याला वाटलं, पडला.

मी पुन्हा हात जोडले आणि पुन्हा सोडला. तो पुन्हा उडी मारून घेऊन आला. ह्या वेळी जरा धापा टाकत. आम्बीच्या लेकीला काहीतरी म्हणाला. तिने ओठ घट्ट मिटून मला सांगितलं, "तो विचारतोय, ह्या नारळाशी तुझं भांडण काय आहे?"

मी ओटी म्हणजे काय ते समजावायला लागले. सवाष्ण म्हणजे काय, नदी म्हणजे आई कशी, आईचा मान कसा. आम्बीने शांतपणे ऐकून घेतलं. मग नारळ उचलला, होडीच्या काठावर आपटून फोडला, आणि सगळ्यांना एकेक तुकडा दिला. "नदीला दात नाहीत," ती म्हणाली. खण वल्ह्याला अडकला होता, तो पिळून तिने टोपलीचं तोंड बांधलं. "आणि नदी चोळी घालत नाही."

नथ एका हाताने वर धरून मी तो तुकडा खाल्ला. फार गोड होता.

मग वाळूवर बसून भात खाताना तिने माझी उलटतपासणी घेतली. "तुझी आई कोणाकडे असते?"

"भावाकडे."

"घर कोणाला मिळणार?"

"भावाला."

"मग तुला काय मिळालं?"

"नवरा," मी म्हणाले.

तिला इतकं हसू आलं की हातातला भात सांडला. तिच्याकडे घर धाकट्या लेकीला मिळतं. लेक कुठे जात नाही, जावई येतो. जुन्या रिवाजाप्रमाणे मुलाला मुलीकडची माणसं धरून आणतात आणि त्याला नको असेल तर तो पळून जातो. हा होडीवाला दोनदा पळाला होता, ह्याच नदीतून, पोहत. तिसऱ्यांदा राहिला. "तुझा एकदाही पळाला नाही?" आम्बीने विचारलं. "मग तो राहिलाय की नुसता बसलाय, हे तुला कसं कळणार?" जावई मासा साफ करत होता. त्याने मान वर केली नाही, पण कान लाल झाले.

मी विषय बदलला. म्हटलं, ही नदी पुढे बांगलादेशात जाते आणि तिथे तिचं नाव बदलतं, सोमेश्वरी होतं, असं हे सांगत होते. म्हणजे ती सासरीच गेली की! आमच्यातही लग्नात नाव बदलतात. हा विनोद मला फारच जमला असं वाटलं. आम्बीने लेकीकडून तो नीट दोनदा समजून घेतला. म्हणाली, "नाव त्यांनी बदललं. ती तीच आहे." आणि माझ्याकडे जरा दयेने बघितलं.

दया मलाही आली होती, तिची. संध्याकाळी मी ह्यांना म्हणाले, "अहो, बिचारी म्हातारी! लेकीच्या जिवावर राहते." हे बुटांची नाडी सोडत होते. म्हणाले, "आपण तिच्या जिवावर राहतोय." मी म्हटलं, तुम्हाला कळत नाही.

तर आता ओकरच्या काठी, हातमोजे घालून, मी स्वतःला सांगायला लागले की म्हातारे, आम्बीसारखी हो. तिने कुठे लाज बाळगली? मुकाट्याने लेकीकडे जा. असं दोन दिवस मी स्वतःला पटवलं. अगदी पटलंही. तिसऱ्या दिवशी बदकांना बघता बघता लक्षात आलं की माझं गणित साफ चुकलंय. आम्बी लेकीच्या घरी राहत नव्हती. लेक आम्बीच्या घरी राहत होती. चूल तिची, अंगण तिचं, जावयाला डोळे वटारायचा हक्क तिचा. माझी लेक गेली आणि आता मला तिच्या मागून जायचंय. आम्बी ह्या बाबतीत माझ्या काही कामाची नाही. त्या दिवशी मी फार वेळ बसले. थंडीने पाय बधिर झाले तरी उठावंसं वाटेना, कारण उठून जायचं कुठे तर त्याच घरात.

रविवारी फोन आला.

"बोल. चार खोल्या की तीन?"

"आधी मला सांग, जावईबापू कधी पळूनबिळून गेलेत का?"

"आई!"

"बरं असतं ते. खात्री पटते."

फोन स्पीकरवर होता. जावई मागून म्हणाले, "आई, पळायला ट्रेन वेळेवर यायला हवी ना. तुम्ही या, मग दोघं मिळून पळू."

"विषय बदलू नका दोघं," लेक म्हणाली. "आई, मला रोज सकाळी वाटतं की आज फोन करीन आणि तू उचलणार नाहीस. मी ऑफिसात मीटिंगमध्ये बसून हाच विचार करते. तुला तिकडे राहायचं असेल तर राहा. पण हे मला झेपत नाही, हे तुला माहीत असू दे."

इतके दिवस मला वाटत होतं की प्रश्न माझ्या मानाचा आहे. पलीकडे कुणीतरी रोज माझ्या न उचललेल्या फोनची वाट बघतंय, हे माझ्या हिशेबातच नव्हतं.

"मी पाहुणी म्हणून येणार नाही," मी म्हणाले. "दारावरच्या बेलवर माझं नाव पाहिजे. वेगळं. तुमच्या नावाखाली."

"अगं, ते तर लागतंच. नाहीतर पोस्टमन तुझी पत्रं परत नेईल."

माझी एवढी मोठी अट जर्मन पोस्टाने आधीच मान्य करून ठेवली होती. "मग चार," मी म्हणाले. मागून नातीचा आवाज आला, "ओमा कोम्ट?" आजी येतेय? ती मराठी समजते, उत्तर जर्मनमध्येच देते. लेक म्हणाली, "हो, येतेय." मग तिला अचानक कुकर बघायला जायचं होतं.

फोन ठेवला आणि घर होतं तितकंच गप्प. एवढी मोठी गोष्ट ठरली आणि सांगायला कुणी नाही. कोट घालून मी नदीवर गेले. नेहमीच्या बाकावर माझ्याच वयाची एक बाई बसली होती. मी कधी असं करत नाही, पण तिच्या शेजारी बसले आणि म्हणाले, मी मुलीकडे राहायला जातेय, ड्युसेलडॉर्फला. जर्मनमध्ये ते वाक्य सरळ निघालं, कुठेही अडखळलं नाही.

"आख, शोन," बाई म्हणाली. छान, छान. मग माझ्याकडे नीट वळून बसली. तुमचं घर किती खोल्यांचं? लिफ्ट आहे का? तिचा भाचा वर्षभर घर शोधतोय, मिळत नाही. ह्या गावात घर मिळणं किती कठीण आहे, हे मला माहीत होतंच. मी सांगितलं, दोन खोल्या, बाल्कनी, लिफ्ट नाही.

"आणि किचन?" तिने विचारलं. इथे लोक घर सोडताना ओटा, कपाटं, सिंकसुद्धा उचकटून घेऊन जातात. "नेणार की ठेवून जाणार?"

ह्यांनी आणि मी ते किचन दोन रविवार भांडत निवडलं होतं. लेकीकडे तिचं आहे.

"ठेवून जाणार," मी म्हणाले. "पण भाच्याला सांगा, डावीकडचा ड्रॉवर जोरात ओढायचा नाही."