चौकात लागलेला शुक्रवार

कामिलला शिवाजी पेठेत स्वस्थ बसलेलं कुणी पाहिलं नसेल. दुकानात मोटारसायकलच्या सीटवर रेक्झिन ताणतानाही त्याचा एक पाय ताल धरून हलत असतो. चहा पिताना बोटं कपावर वाजतात. समोरचा बोलत असला तरी याचं मन कुठल्या तरी सुरामागं गेलेलं. गिऱ्हाईकं आता ओळखून आहेत. "भाई, माणसात या की जरा," म्हणतात आणि गाडी लावून जातात. काम मात्र इतकं चोख, की आजऱ्याकडची माणसंही सीट करून घ्यायला त्याच्याचकडे येतात.

दुकान वडिलांचं, लालासाबांचं. मागच्या खोलीत फोमचे थर आणि रेक्झिनचे गठ्ठे छतापर्यंत रचलेले. त्या खोलीत आवाज घुमत नाही आणि बाहेरचा हॉर्न आत येत नाही, हे कामिलनं कॉलेजात असतानाच हेरलं होतं. 'फुटका भोंगा' हा त्यांचा रॉक बँड त्या फोममध्येच वाढला. गाणी बांधायची कामिलनं, गायची पृथ्वीराजनं. पृथ्वीराज उंचापुरा, बोलका. माईक हातात आला की समोरची गर्दी त्याच्या खिशात. त्याला सारेगम येत नव्हतं. कामिल खालच्या आवाजात गाणं रेकॉर्ड करून द्यायचा, पृथ्वीराज आपल्या दुधाच्या टँकरबरोबर राधानगरीकडे जाता-येता ते ऐकायचा, आणि गळ्यात जसंच्या तसं बसवून आणायचा.

पुढं ड्रमवाला पुण्याला गेला, बासवाला दुबईला, आणि भोंगा बंद पडला. कामिलनं एकट्याचा अल्बम करायचं ठरवलं. शब्द आपले, गिटार आपली, आवाजही आपलाच. आणि आवाजाशीच गाडी अडली.

गिटार वाजवून झाली, ड्रम कंप्युटरवर बसवून झाले. पण हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज आला की त्याला तो नकोसा व्हायचा. तो गायचा, ऐकायचा, पुसायचा. पुन्हा गायचा, पुन्हा पुसायचा. त्याची बायको शाहिस्ता एकदा म्हणाली, "अहो, रोज उसवायचंच असेल तर शिवता कशाला?" कुणी विचारलं तर "जरा फिनिशिंग राहिलंय," एवढंच सांगत त्यानं दोन पावसाळे घालवले.

आणि एका शनिवारी सकाळी तो दुकान उघडायला आला, तर चौकात फ्लेक्सचा मोठा बोर्ड, पेठेच्या भाषेत डिजिटल, लागलेला. वाढदिवस असो की चषक जिंकलेला असो, पेठेत आनंद झाला की आधी डिजिटल लागतं. या बोर्डावर मधोमध गिटार घेतलेला कामिल, शेजारी त्याच्याहून मोठा, गॉगल लावलेला पृथ्वीराज, खाली पेठेतल्या तालमीच्या फुटबॉल संघातली अकराच्या अकरा पोरं. वर लाल अक्षरांत: 'पेठेचा बुलंद आवाज! रॉकस्टार कामिलभाई यांच्या पहिल्या अल्बमचे भव्य प्रकाशन, शुक्रवारी, तालमीच्या हॉलमध्ये.'

कामिलनं तिथूनच फोन लावला.

"पृथ्व्या, हे काय लावलंयस?"

"आवडलं का? गॉगल जरा जास्तच झालाय, व्हय ना?"

"अरे, अल्बम कुठं झालाय अजून?"

"वहिनी भाजी मंडईत भेटलेल्या, झालाच म्हणा म्हणाल्या. म्हटलं, ह्यो काय स्वतःहून सांगत न्हाय, आपणच उडवून द्यावं."

"उतरव आधी ते."

"खुळा झालास काय रं? आपल्या तालमीच्या हंबीरराव वस्तादांनी नारळ फोडलाय खाली. आता तारीख बदलली तर पलीकडच्या तालमीची पोरं वर्षभर हसतील आपल्याला."

खरंच होतं. पेठेत बोर्डावर चढलेली तारीख मागं घेणं म्हणजे मैदानात उतरून सामना सोडून देणं. दुपारपर्यंत येणारा-जाणारा प्रत्येकजण "येतोय हां शुक्रवारी" म्हणून गेला आणि कामिलनं दोन सीटांना उलटी शिवण मारली. संध्याकाळी त्यानं पुन्हा फोन केला. आवाज पडलेला होता.

"पृथ्व्या, तू गाशील का? माझ्यानं होत न्हाय."

 पलीकडून पृथ्वीराज हळूच म्हणाला, "म्हणजे भोंगा परत?"

"सोमवारी दुपारी ये," कामिल एवढंच म्हणाला. पृथ्वीराजनं तोच होकार म्हणून घेतला.

सोमवारी दुपारी तो टँकर ड्रायव्हरच्या हवाली करून आला. नवा शर्ट, दाढी कोरलेली. 'आलोच' नावाचं गाणं आधी घ्यायचं ठरलं. लालासाब दुकानातून उठताना नेहमी "आलोच" म्हणायचे. एका सकाळी तसंच म्हणून चहाला गेले आणि चौकातच कोसळले, त्याचं ते गाणं. कामिलच्या स्वतःच्या आवाजात त्याचं एकच रेकॉर्डिंग पुसायचं राहिलं होतं. पृथ्वीराजला शिकायला म्हणून त्यानं तेवढं पाठवलं होतं.

पृथ्वीराज गायला लागला. भरदार, मोकळा आवाज. कामिलच्या मनात आलं, सुटलो. पण 'आलोच' हा शब्द यायच्या आधी पृथ्वीराज थांबला. श्वास अडकल्यासारखा, तालाच्या मागं पडून. मग शब्द आला, पडका, जवळजवळ बोलल्यासारखा. दुसऱ्या कडव्यातही तेच.

कामिलनं हेडफोन काढला. "तिथं का थांबतोयस?"

"तू थांबलायस म्हणून."

"ते माझं चुकलेलं हाय रं. श्वास पुरला नव्हता."

"मला काय माहीत? मी टँकरमधनं येता-जाता तेच ऐकतोय. गाण्यात तसंच हाय की." पृथ्वीराजनं दाढी खाजवली. "परत घेऊ? सरळ म्हणतो."

त्यानं सरळ म्हटलं. एकदम तालात, स्वच्छ. गाणं छान झालं, आणि त्यातला माणूस निघून गेला. कामिल गठ्ठ्यांमधून येरझाऱ्या घालू लागला. जे लपवायला म्हणून तो इतके दिवस पुसत होता, ते मित्रानं जसंच्या तसं आणून समोर ठेवलं होतं, आणि तेच खरं होतं. पण हे त्याला सांगायचं कसं? नवा शर्ट घालून आलाय.

"पृथ्व्या," तो शेवटी म्हणाला, "हे मलाच गावं लागणार."

पृथ्वीराज बघत राहिला. "मग मला कशाला बोलावलंस? फोमवरची धूळ झटकायला?"

"मागं साथ दे ना. ध्रुवपदाला."

"मागं उभं राहायला न्हाय जमत मला. तुला ठाऊक हाय." तो उठला, दारापर्यंत गेला, वळला. "डिजिटलवर माझा फोटो तुझ्याहून मोठा हाय, काम्या. लोकांनी विचारलं तर काय सांगू?"

 गाडी सुरू झाल्याचा आवाज आला आणि गेला. कामिलनं दार लावलं आणि गायला बसला. या वेळी त्यानं काहीच पुसलं नाही. पुसावंसं वाटलं की उठून खोलीत फिरून यायचा. मंगळवारी रात्री सगळी गाणी शेवटच्या मिक्सिंगसाठी स्टुडिओत पाठवून दिली आणि तेव्हापासून शुक्रवारपर्यंत त्याचा फोन हातात आणि जीव टांगणीला. पृथ्वीराजचा फोन आला नाही.

शुक्रवारी संध्याकाळी हॉल भरला. सतरंज्या, पेढे, कोपऱ्यात गणेशोत्सवातले स्पीकर. शाहिस्ता बायकांच्या बाजूला बसली होती, ओठ घट्ट मिटून. पुढच्या रांगेत हंबीरराव वस्ताद, आणि त्यांच्या शेजारी पृथ्वीराज! तोच शर्ट. कामिलकडे त्यानं पाहिलं नाही. आला होता मात्र.

गाणं लागलं. स्पीकर हळू ठेवलेला, कामिलनंच. तो भिंतीला टेकला, पुन्हा सरळ झाला. एकाच्या जांभईकडे, दुसऱ्याच्या मोबाइलकडे त्याचं लक्ष जात होतं. पहिलं कडवं सरलं तसे वस्ताद, कानानं जरा मंद, मोठ्यानं म्हणाले, "पृथ्वीराज, तुझं कधी लागायचं रं?"

 कामिलनं डोळे मिटले.

"माझं न्हाय त्यात काही, वस्ताद," पृथ्वीराज म्हणाला. "कामिलचा आवाज हाय ह्यो. सगळा."

"त्याचा?" वस्तादांनी कानामागं हात नेला. थोडा वेळ ऐकलं. "मग ऐकू येईल असा लावा की. का लाजतोय?"

कुणीतरी हसलं. स्पीकरपाशी बसलेला पोरगा उठणार होता, पण कामिल त्याच्या आधी पोचला.  त्यानं बटण धरलं आणि स्वतःचा आवाज वाढवला. मग आणखी थोडा.