सिद्धीजवळ बसलेली मी

असे अनुभव ग्रुपवर आले की मी स्क्रोल करून पुढे जाणाऱ्यांतली. कुणी भुताखेतांचं सांगायला लागलं की हसू यायचं. हे लिहितेय ते एवढ्यासाठीच, की वर्ष झालं तरी मला याचा अर्थ लागलेला नाही...

मी कळंबोलीला राहते. आमच्या कॉलेजात चौथ्या सेमिस्टरला आउटडोअर प्रोग्रॅम होता — पनवेलच्या पुढच्या डोंगरात तीन दिवस कॅम्प. दुसऱ्या दिवशी ‘सोलो’. म्हणजे प्रत्येकाने ठरलेल्या जागी दोन तास एकटं बसायचं. फोन नाही, बोलणं नाही. मला सरांपासून वीसेक पावलांवर एक कातळ मिळाला. ऐरोलीची सिद्धी बरीच पुढे, वळणापलीकडे. तिची-माझी ओळख हाय-हॅलोपुरती.

दुपारी तीनच्या सुमारास ढग उतरला. आमच्याकडे विरळ होता, पण वळणापलीकडचं काहीच दिसेना. सरांनी ओरडून सांगितलं, कुणी जागचं हलायचं नाही. अर्ध्या तासाने ढग सरला तेव्हा सर आणि मी सिद्धीला आणायला गेलो. ती घसरून खालच्या अरुंद कपारीवर पडली होती. पाय मुरगळलेला. हातभर पुढे सरळ कडा. पण चेहरा अगदी शांत.

मला बघून म्हणाली, “तू वर कधी गेलीस? आत्ता तर इथे होतीस.”

मला वाटलं, घाबरून बोलतेय. संध्याकाळी तंबूत तिने नीट सांगितलं. पडल्यावर ती पायवाट समजून कड्याच्याच दिशेने सरकत होती. तेवढ्यात म्हणे मी आले, तिचं मनगट धरलं, हलू नकोस म्हणाले, आणि ढग जाईपर्यंत तिच्याशी बोलत बसले.

“तुझे बाबा अजून रोज डबा घेऊन निघतात?” तिने हळूच विचारलं.

बाबांची तळोज्याची कंपनी बंद पडली होती. बाबांनी घरी कुणालाच सांगितलं नव्हतं. बाबा डबा घेऊन निघायचे आणि गार्डनमध्ये बसून राहायचे. मी त्यांना तिथे पाहिलं होतं, कंपनीच्या गेटचं कुलूपही बघून आले होते... आणि कुणालाच सांगितलं नव्हतं. बाबांनाही नाही.

सरांना विचारलं तर म्हणाले, “तू तर कातळावरच होतीस. माझी नजर होती ना तुझ्यावर.”

घरी गेल्यावर बाबांना सांगितलं, मला माहीत आहे. त्यांनी हातातला डबा ओट्यावर ठेवला. मग म्हणाले, “बरं झालं.” आईला आम्ही दोघांनी मिळून सांगितलं.

त्या दोन तासांत माझ्या डोक्यात बाबांशिवाय काही नव्हतं, हे खरं. पण मनातलं असं उठून दुसऱ्याजवळ जाऊन बसतं? मला नाही माहीत.

सिद्धीला मी खूपदा विचारलंय, नक्की मीच होते का. ती दर वेळी तेच सांगते — तूच होतीस, आणि बाबांचं सांगताना रडत होतीस.

मी मात्र त्या दिवशी रडले नव्हते. बाबांना गार्डनमध्ये पाहिल्यापासून एकदाही रडले नव्हते.