काळ्या करकोच्यासाठी लपणात बसले तेव्हा

मी जन्माची भित्री. पाल दिसली तरी खाटेवर चढून बसणारी. अशा बाईनं जंगलात जाऊन पक्ष्यांचे फोटो काढावेत, हे खूळ माझं नव्हे, ते मास्तरांच्या डोक्यातून निघालं. मास्तर म्हणजे माझे यजमान. यवतमाळच्या एका शाळेत चित्रकला शिकवायचे. सगळी गल्ली त्यांना मास्तर म्हणायची, म्हणून मीही तेच म्हणू लागले. साठ सालानंतरची गोष्ट आहे, नेमकं साल विचारू नका. लग्नाला जेमतेम वर्ष झालं होतं. बुद्धवंदना म्हणून लागलेलं आमच्या दोन्ही घरांतलं ते पहिलंच लग्न, त्यामुळे नातेवाईक अजून त्याच्याच गप्पा मारत होते आणि मास्तरांना मात्र करकोच्याशिवाय काही सुचत नव्हतं.

झालं असं, की दिवाळीनंतर पांढरकवड्याकडे गेले असताना एका नाल्यावर त्यांना काळा करकोचा दिसला. हा हिवाळ्यात लांबून येणारा पाहुणा, आणि भलता लाजरा. पक्षी बघणाऱ्या त्यांच्या मित्रांनी ते हसण्यावारी नेलं. म्हणाले, तो आपला नेहमीचा कांडेसर असेल. दोघंही उंच, दोघंही काळसर, पण कांडेसराची मान पांढरी असते आणि काळ्या करकोच्याची काळी. मास्तरांचं म्हणणं, मान काळीच होती. मग फोटोच काढून दाखवतो, असं ते बोलून बसले.

कॅमेरा मागून आणलेला, वरून वाकून बघायचा, दोन भिंगांचा. दूरचं त्यात काही धड येत नसे, म्हणून पाण्याच्या अगदी काठाशी लपून बसणं आलं. आणि थंडी पडली की मास्तरांना कोरडा खोकला. खोकत बसलेल्या माणसाजवळ कोणता करकोचा येणार? तेव्हा लपून बसायचं मी, हे परस्पर ठरलं. नाही म्हणता आलं असतं, पण नवं लग्न होतं, आणि त्यांचा चेहरा असा काही झाला होता की जीभच वळेना.

जानेवारीत सकाळच्या एसटीनं निघालो. जोडमोह्याच्या अलीकडे उतारावर गाडी अशी काही वाजायला लागली की मी डोळे मिटले ते मोहद्याला गरम भज्यांचा वास आल्यावरच उघडले. पांढरकवड्याला हरचंदभाऊ बैलबंडी घेऊन आले होते. हे मास्तरांच्या ओळखीचे बंजारा शेतकरी. त्यांच्या आज्यापणज्यांनी बैलांवर मीठ-धान्य लादून मुलूख पालथा घातला, आता तांड्यावर कापूस आणि तूर. तांड्यापर्यंत बंडीच्या वाटेनं हाडं खिळखिळी झाली. हरचंदभाऊंच्या आईनं, तिला सगळा तांडा याडी म्हणायचा, चुलीवरची ज्वारीची बाटी म्हणजे आपली भाकर, तुरीच्या सोल्याची, म्हणजे ओल्या दाण्यांची भाजी आणि ठेचा वाढला. मी दोन भाकरी खाल्ल्या असतील, पण तेवढ्यात हरचंदभाऊंनी सहज सांगितलं, की मागल्या आठवड्यात नाल्यापलीकडं वाघानं कालवड मारली. आता तो लांब गेला असेल, असंही ते म्हणाले. तिसरी भाकर मी तशीच ठेवली.

तुमच्यापैकी कुणी हिवाळ्यात त्या बाजूला जाणार असेल तर मातकट रंगाचे कपडे आणि कानटोपी घ्या, पहाटे बोटं इतकी काकडतात की बटण दाबता येत नाही. आता रस्ता डांबरी झालाय. जंगलात शिरायला परवानगी लागते आणि आमच्यासारखं पायी जाऊन बसता येत नाही. बसता येऊ नयेच.

त्या दुपारी नाल्याच्या वाळूत पळसाच्या फांद्या, गवत आणि सागाची वाळकी पानं लावून आम्ही लपण उभारलं. एका माणसापुरती झोपडी, समोर कॅमेऱ्याला भोक. आता यातली युक्ती सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. पक्षी लपणात शिरणारा माणूस बघतात आणि तो बाहेर येईपर्यंत फिरकत नाहीत. पण त्यांना मोजता येत नाही. म्हणून दोघांनी आत शिरायचं आणि एकानं उघडउघड निघून जायचं. पक्ष्यांना वाटतं, लपण रिकामं झालं.

मला त्यात एकच गोष्ट खटकत होती. ऊन डोक्यावर आलं की मास्तर मला न्यायला येणार होते, तेही एकटे, आणि चोरपावलांनी. मी म्हटलं, येताना आरोळ्या मारत या, गाणं म्हणत या, काहीही करा. ते ऐकेनात. म्हणाले, एकदा बुजलेले पक्षी पुन्हा येणार नाहीत. कापडी बूट घालून मी गुपचूप येईन, तू घाबरू नको. मी घाबरायचं ते घाबरलेच होते.

दुसऱ्या दिवशी उजाडताच दोघं आत शिरलो. मास्तरांनी कॅमेरा लावून दिला, माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि ते वाळूतून पाय आपटत निघून गेले. त्यांची पाठ झाडांत दिसेनाशी झाली तेव्हा मला रडूच फुटलं, पण आवाज करायची सोय नव्हती.

आधी धोबी पक्षी आले, शेपट्या हलवत. मग तुतारी, पाण्याच्या कडेनं तुरुतुरु पळणारे छोटे पक्षी. ऊन वाळूवर उतरलं आणि काहीही चाहूल न देता ते दोघं समोर उभे. लालभडक चोच, लाल पाय, पांढरं पोट, आणि मान काळी! काळीकुळकुळीत, उन्हात हिरवट-जांभळी झाक मारणारी. मास्तर खरं बोलत होते. मी वाकून काचेत बघत होते, बटण दाबत होते, चावी फिरवत होते, आणि तेवढा वेळ खरंच सांगते, भीती साफ विसरले होते. शेवटचा एक फोटो राहिला होता तेव्हा वानर खेकसलं. करकोचे उडाले. तुतारी, धोबी, सगळे एका दमात नाहीसे झाले.

माझ्या पाठीमागं सागाची पानं वाजली. मास्तर लवकर आले, असं वाटून मी हसलेसुद्धा. मग लपणाच्या कुडाला काहीतरी घासून गेलं आणि मला श्वास ऐकू आला. माणसाचा नव्हता.

वाघ माझ्या डाव्या हाताला पाण्यावर गेला. लपलप पाणी प्यायला. मग काठावरच, जिथं तांड्याची वाट नाल्यात उतरते तिथं, जांभळाच्या सावलीत माझ्याकडे पाठ करून आडवा झाला. त्यानंही सकाळी दोघांना शिरताना आणि एकाला जाताना बघितलं असेल की काय कोण जाणे. त्याच्या लेखी लपण रिकामं होतं.

दात वाजतील म्हणून मी पदराचा बोळा तोंडात धरला. वंदना म्हणावी म्हटलं तर पहिल्या ओळीच्या पुढं काही आठवेना. मी स्वतःला समजावत होते, की तू हलली नाहीस तर त्याला कळणारही नाही, पडेल थोडा वेळ आणि जाईल. तो मात्र शेपटीचं टोक हलवत पडून राहिला. आणि मग माझी नजर सावल्यांवर गेली. ऊन डोक्यावर येत होतं. म्हणजे मास्तर निघाले असणार. कापडी बूट घालून, गुपचूप, याच वाटेनं.

त्यानंतर मला माझी भीती वाटली नाही. जी वाटली ती तिच्याहून वाईट होती.

वरच्या वाटेवरून खोकला ऐकू आला. मफलरात दाबलेला, पण मी तो गर्दीतही ओळखला असता. वाघाचे कान वळले. तो उठला नाही, उलट आणखी चपटा झाला, मागचे पाय पोटाखाली घेतले. मी तोंडातला पदर ओढून काढला. पहिल्यांदा नुसती हवाच निघाली. मग किंचाळले, "अवो, येऊ नका! वाघ हाये!"

रिकामं लपण बोललं तसा तो गर्रकन फिरला. त्याचं तोंड समोर आलं. पुढचं मला नीट आठवत नाही. एक गुरगुर ऐकू आली, गवत हललं, आणि कुणीतरी ओरडत वाळूतून धावत येत होतं. येऊ नका म्हटलेला माणूस बोंबलत सरळ माझ्याकडेच येत होता. ते पोचले तेव्हा पलीकडच्या काठावर फक्त घाणेरीचं झुडूप हलत होतं. आरडाओरडा ऐकून हरचंदभाऊही शेतातून कुऱ्हाड घेऊन आले. दोघांनी मला धरून वर नेलं. याडीनं गुळाचं पाणी पाजलं आणि दोघा पुरुषांना आपल्या बोलीत काय काय सुनावलं ते बरं झालं मला कळलं नाही.

मास्तरांनी वाघ पाहिलाच नव्हता, त्यांना फक्त ते झुडूप दिसलं होतं. त्यामुळे परतीच्या एसटीत ते मला चिडवायला लागले. तो पलीकडच्या काठावर असेल, म्हणे. घाबरलेल्या माणसाला सगळं जवळच दिसतं, म्हणे. यवतमाळला शेजाऱ्यांनाही हीच गोष्ट रंगवून सांगितली, आणि लोक हसले. मला संताप आला होता, पण ते धडधाकट समोर बसून चहा पीत होते, तेवढं पुरे होतं.

आठवड्यानं फोटो धुऊन आले. करकोच्याचे दोन फारच सुरेख निघाले. मान काळी, कुणाला शंका घ्यायला जागाच नाही. मास्तरांच्या मित्रांनी आपली चूक कबूल केली आणि त्यातला एक फोटो आजही माझ्या भिंतीवर आहे. गठ्ठ्यात शेवटी एक धूसर फोटो होता. किंचाळल्यानंतरच्या त्या गडबडीत माझं बोट बटणावर पडलं असावं. अर्ध्या भागात लपणाच्या गवताच्या काड्या, आणि त्या काड्यांना लागून पट्टे, मिशा, एक डोळा.

मास्तरांनी तो उजेडात धरला. मग उंबरठ्यावर बसले आणि फोटो पालथा ठेवला. तो त्यांनी पुढं कधी कुणाला दाखवला नाही, आणि वाघाची ती गोष्टही पुन्हा सांगितली नाही. त्या दिवशी मी पाणी आणून दिलं तर त्यांनी पेला बाजूला ठेवला.

"तू चूप बसली असती तं त्यानं तुले पाह्यलंच नसतं," ते म्हणाले. "हाक कायले मारली?"

मी म्हटलं, "मंग तुमाले पाह्यलं असतं."