डिकीवरचं नाव

आमच्या भागात गाडी घेतली की तिच्या पाठीवर पोरांची नावं येतात. पोरांची म्हणजे मुलग्यांची. गाडी पुढं निघून जाताना तिच्या घरात वारस किती, ते मागच्याला वाचूनच कळतं. अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, मी एकटी. त्यांनी जुनी का होईना पण चारचाकी घेतली, तेव्हा नारायणगावातून चमकणारी अक्षरं आणली आणि डिकीवर माझं नाव चिकटवलं. आमच्या आणे गावात चार दिवस तोच विषय होता. कुणीतरी विचारलंच, "पोरगी उद्या सासरी जाणार, मंग गाडी आंदण देणार का?" अण्णा म्हणाले, "दिली की."

मी तेव्हा कॉलेजात होते. ऐकणारं कुणी भेटलं की त्याला ही गोष्ट सांगितल्याशिवाय सोडायची नाही.

पण त्या गाडीचं स्टिअरिंग त्यांनी मला कधी धरू दिलं नाही. मागितलं की उत्तर ठरलेलं. "आपल्याकडं घाट हाय. तू बस मागं. तुझंच नाव हाय की गाडीवर, अजून काय पायजे?" लग्नानंतर मी मंचरला क्लास लावून गाडी शिकले. घोडेगावच्या शाळेत शिकवायला रोज स्वतः गाडी चालवत जाते. तरी माहेरी आले की मी आपली मागच्या सीटवर, आईच्या पिशव्यांशेजारी. वरून हसायची, पण राग होता, आणि चांगला मोठा होता. गाडीवर लेकीचं नाव लावणाऱ्या बापावर रागवायचं तरी कसं, ते कळत नव्हतं, म्हणून बोलले कधीच नाही.

गेल्या वर्षी अण्णांच्या उजव्या हाताला कंप सुरू झाला आणि डॉक्टरांनी गाडी चालवणं बंद करायला सांगितलं. माझ्या सासरी दारात आधीच एक गाडी, दुसरी लावायला जागा नाही. मग डिंगोऱ्याचे एक शेतकरी येऊन गाडी बघून गेले. पसंत पडली. जाता जाता डिकीकडं बोट दाखवून म्हणाले, "तेवढं नाव काढून द्या, भाऊ. आमच्या दोन पोरांची टाकायचीत." त्याच संध्याकाळी अण्णांचा मला फोन. "रविवारी ये. तुझं नाव दुसऱ्या कुणी खरवडलेलं मला चालायचं न्हाई."

मी जाताना केस वाळवायचं मशिन घेऊन गेले. अण्णांनी ते उलटसुलट करून बघितलं. "गाडीचे केस वाळवती का आता?" त्यांच्या हातात खुरपं तयार होतं. ते मी आधी काढून घेतलं, नाहीतर नावाबरोबर रंगही गेला असता. अक्षरामागचा डिंक गरम वाऱ्यानं मऊ होतो, मग मागून दोरा घालून करवतीसारखा ओढायचा, असं मी त्यांना समजावलं. कांद्याच्या गोणी शिवायचा नायलॉनचा दोरा घरात होताच. त्याचं एक टोक मी धरलं, एक त्यांनी. मी ओढायच्या आधीच दोरा मागंपुढं व्हायला लागला.

"बघ," अण्णा म्हणाले, "ह्या हाताला काम सापडलं."

मला हसू आलं आणि लगेच भरूनही आलं. मी खाली बघून दोरा सारखा केला.

पहिलं अक्षर निघालं तेव्हा अण्णांनी ते तळहातावर घेतलं, फुंकर मारली आणि खिशात टाकलं. बाकीचीही तशीच टाकली. मागं राहिला काळा, चिवट डिंक. त्यावर खोबरेल तेल लावून आम्ही दोघं अंगठ्यानं चोळत बसलो. चोळता चोळता त्याच्या बारीक शेवया वळायच्या आणि गळून पडायच्या. नावाखालचा रंग तेवढा ताजा राहिला होता, त्यामुळं नाव पुसट वाचता येत होतं. पॉलिश दोनदा फिरवल्यावर तेही गेलं.

दुपारी गाडी पोचवायची होती. अण्णांनी किल्ली माझ्यापुढं धरली. इतकी वर्षं जिची वाट बघितली ती किल्ली, पण हातात घेताना मनात आलं, हात चालत नाही म्हणून मिळाली. तशीच मी स्टिअरिंगमागं जाऊन बसले.

आण्याचा घाट उतरताना ते डाव्या सीटवर बसून उजवा पाय खाली दाबत होते. "अण्णा, तुमच्या बाजूला ब्रेक नाही," मी म्हटलं. आळेफाट्यापर्यंत "हॉर्न दे", "सावकाश" चाललं होतं. ओतूर आलं तोवर ते गप्प झाले होते. मला वाटलं, गाडी हातची चालली म्हणून वाईट वाटत असेल.

डिंगोऱ्यात त्या शेतकऱ्यांनी डिकीवरून तळवा फिरवला. "लई झ्याक साफ केलं, राव."

अण्णा त्यांना म्हणाले, "पोरगी न्हाई का तुमाला?"

"हाय की. धाकटी, सातवीत हाय."

"मंग तिचंबी नाव टाका."

"टाकू की, पावणं," ते हसले.

"आन् मोठी झाली की चालवायला द्या," अण्णा म्हणाले. "मी नुसतं नावच टाकलं. ही लई वर्सं मागत व्हती. मी घाटाचं कारण सांगत व्हतो. घाटाचं काय न्हवतं, मलाच भ्या वाटायचं. आज बगितलं, माज्यापरीस बरी चालवती. चुकलंच माजं."

हे सगळं त्या परक्या माणसाला. माझ्याकडं त्यांनी बघितलंही नाही. मी पुढं होऊन त्यांचा उजवा हात हातात घेतला आणि परतीची जीप येईपर्यंत सोडला नाही.