दहा काचपट्ट्या आणि माझं बोट

तालुका हिवतापमुक्त होणार, असं खात्याच्या प्रत्येक बैठकीत साहेब सांगत. त्यासाठी महिन्याला ठरलेले रक्तनमुने लागत. गावात ताप असो वा नसो. मी आरोग्य कर्मचारी. निंदणाच्या दिवसांत भातकुलीकडची माझ्या वाट्याची वस्ती दिवसभर शेतात असे, आणि कामावर जाणारा माणूस बोट टोचू देत नाही. म्हणून महिनाभर मी तिन्हीसांजेपर्यंत एका म्हातारीच्या ओसरीवर डास मारत लोकांची वाट बघत बसायचो. तिला लहानपणी फवारणीला येणारे डीडीटीवाले आठवत. भांडी अंगणात काढायची अन् भिंती पांढऱ्या व्हायच्या, हे ती रोज सांगे. सातव्या महिन्यातली तिची सून चहा आणून द्यायची.

महिनाअखेरीस दहा नमुने कमी पडले. मी माझंच बोट टोचलं आणि दहा काचपट्ट्यांवर वस्तीतली दहा नावं घातली. आमच्या खात्यात हे काही मी शोधून काढलं नव्हतं. अंगात थोडी कणकण होती, पण पावसात भिजलो म्हणून असेल, असं धरून चाललो.

अमरावतीच्या प्रयोगशाळेतून फोन आला. दहाच्या दहा काचपट्ट्यांत हिवताप निघाला होता.

उन्हाळ्यात मेळघाटात ड्युटी असताना मला हिवताप झाला होता. चौदा दिवसांच्या गोळ्या मी चौथ्या दिवशी सोडल्या, कारण पोट बिघडत होतं आणि ताप उतरला होता. डोस पूर्ण करा, नाहीतर हिवताप अंगात दडून राहतो, म्हणून लोकांना दरडावणारा मीच.

दुसऱ्या दिवशी खात्याचं पथक वस्तीत गेलं. दहा धडधाकट माणसं गोळ्या गिळू लागली. मी दोन दिवस तोंड उघडलं नाही. नोकरी जाईल ही भीती होती, दुसरं काही नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते ओरडले नाहीत. त्यांनी आधी माझ्या गोळ्या काढून समोर ठेवल्या, मग विचारलं, "संध्याकाळी त्या वस्तीत तुम्ही कुणाच्या घरी बसत होता?"

मी तसाच निघालो. भर दुपारच्या उकाड्यात म्हातारीची सून दोन गोधड्या घेऊन पडली होती आणि तिचे दात वाजत होते.

"दोन दिवस झाले, हुडहुडी भरून राहिली तिले," म्हातारी म्हणाली. "मी तुयीच वाट पाहून राहिली होती, बापा."

मी सुनेचं बोट पुसायला घेतलं. तिनं दुसरा हात पोटावरून काढला नाही.