आमच्या बँडचं पान

पुसदात आमचा तिघांचा पंक बँड होता, हे आज कोणाले सांगितलं तं लोक हसते. पंक म्हणजे काय, हे तं आम्हालेही धड ठाऊक नव्हतं. तीन सूर, कान फाटेस्तोवर आवाज अन् पोटातला राग, एवढ्यावर आमचं भागे. एक दोस्त गाये, म्हणजे खरं तं बोंबले. दुसरा ड्रम बडवे. गिटार माह्याकडे, गाणी लिहायचं कामही माह्याकडेच. सरकारी कचेरीत 'उद्या या' म्हणून परत पाठवते ना, त्या साहेबाले शिव्या घालणारं गाणं आमचं सर्वात गाजलेलं. कॉलेजचं गॅदरिंग, फुलसावंगीतलं जयंतीचं स्टेज अन् एक लग्न, एवढेच आमचे कार्यक्रम. लग्नात तं नवरीच्या मामानं तिसऱ्या गाण्यालेच वायर उपटली.

मंग ते सारं संपलं. गाणारा परीक्षा देऊन सरकारी साहेब झाला अन् बदलीच्या गावी गेला. ड्रमवाल्यानं बापाचं गॅरेज सांभाळलं. मी झेरॉक्सचं अन् ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान टाकलं. मागच्या वर्षी गॅरेजात जॅक घसरला अन् ड्रमवाल्याच्या उजव्या हाताची दोन बोटं चेंदली. एक दिवस त्याची पोरगी माह्या दुकानात आली अन् हळूच म्हणे, "काका, अब्बा खरंच ड्रम वाजवत होते का? का असंच सांगते?" तिले दाखवाले माह्याजवळ एक रेकॉर्डिंग नव्हतं. मेमरी कार्ड केव्हाच खराब झालतं. मले लई लागलं ते.

म्हणून इंटरनेटवरच्या त्या ज्ञानकोशात, जिथं कोणीही लिहू शकते, मी आमच्या बँडचं पान बनवलं. तिघांची नावं टाकली. मी स्वतः त्यातलाच एक, हे मात्र लपवलं; आपलंच आपण लिहिलेलं तिथं चालत नाही. पुरावा म्हणून आमच्या बँडवरच्या बातमीचं, सारं घर धुंडून काढलेलं पेपरचं एक जुनं कात्रण जोडलं. पोरीनं मोबाईलवर पान उघडून बापाले दाखवलं. तो गडी ऑइलचे हात पुसत पुसत आपलं नाव तीनदा वाचत बसला. मले म्हणे, "पहिले साहबचं नाव टाकलं ना? बरं केलं. गाता तो वोईच था."

आठ दिवसात पानावर पट्टी आली. हा बँड नोंद घ्यावा एवढा मोठा आहे का, पान ठेवायचं का उडवायचं, यावर चर्चा. ज्यायनं पुसद नकाशावरही पाहिलं नसन, अशी माणसं आमच्यावर वाद घालू लागली. कोणी म्हणे, एक अल्बम नाही, कायचा बँड? पण एका बाईनं लिहिलं, का लहान गावच्या बँडची पेपरनं स्वतःहून बातमी केली हे काही कमी नाही, ठेवा. दोघं-तिघं तिच्या बाजूनं झाले. मी दुकानात गिऱ्हाईक ताटकळत ठेवून तेच वाचून राह्यलो होतो. म्हटलं, वाचलं बाप्पा पान!

अन् मंग एक नवीनच खातं उगवलं. त्यानं शांतपणे लिहिलं, का ही बातमी पेपरनं केलेलीच नाही. या भागात ज्याची बातमी तोच ती लिहून, फोटो जोडून वार्ताहराच्या हातात देते. ही बातमीही बँडवाल्यायनंच एका लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर लिहून दिलती.

माह्या पायाखालची जमीनच सरकली. खोटं एक अक्षर नव्हतं त्यात. आमच्याकडे असंच चालते. कोणी रिटायर हो, कोणाचं पोरगं पास हो, मजकूर आपणच लिहायचा अन् शेवटी 'सर्वत्र कौतुक होत आहे' ठोकून द्यायचं. त्यात काही वावगं आहे, हे आम्हाले कधी वाटलंच नाही. पण लग्नपत्रिका? ती कोणाले ठाऊक? आम्हा तिघाले, अन् त्या वार्ताहराले; तो तं केव्हाच वारला. ड्रमवाल्याले टाइप करता येत नाही. पत्रिका होती गाणाऱ्याच्या बहिणीची. अक्षर त्याचं होतं, अन् ते 'सर्वत्र कौतुक'ही त्यालेच सुचलं होतं.

फोन लावला. "तूच ना बे?"

पहिले त्यानं केबिनचं दार लावल्याचा आवाज आला. मंग म्हणे, "समजून घे ना यार. ऑफिसातले पोट्टे माह्यं नाव टाकून शोधते. ते 'उद्या या'चं गाणं मीच म्हणत होतो, हे समजलं तं काय इज्जत राहीन? आता त्याच खुर्चीत बसतो मी."

"मंग मले सांगायचं होतं ना लेका! तुह्यं नाव काढून टाकलं असतं मी."

"नाव काढलं असतं. बँड तं राह्यला असता ना? उद्या कोणीही माह्यं नाव परत टाकलं असतं." अन् वरून म्हणे, "खोटं काय लिहिलं मी, सांग."

माह्या अंगाचा तिळपापड झाला. एका ताटात जेवलो आम्ही. याचा घसा बसला का याच ड्रमवाल्याची माय हळदीचं दूध करून दे. तुले तुह्यी इज्जत जपायची तं जप, पण ज्याच्याजवळ दुसरं काहीच उरलं नाही, त्याचं कायले पुसतं? दगा दिला त्यानं, सरळ दगा, अन् तोही खरं बोलून. त्याचं बिंग फोडावं म्हटलं तं माह्यंही फुटत होतं, कारण मीही तिथं परका बनूनच लिहिलं होतं. मी गप्प बसलो. दोन दिवसांनी पान उडालं.

गॅरेजात गेलो तं पोरगी मोबाईल घेऊन उभी होती. पान उघडत नव्हतं. ड्रमवाला गाडीखालून बाहेर आला. मी म्हटलं, "उडवलं लोकायनं. पुरावा कमी पडला म्हणे."

तो हसला. "एवढंच ना? अरे, साहबको फोन लगा ना भाई. इतना बडा आदमी है अब, उसकी बात कौन टालेगा? तो सांगन ना, का मी वाजवत होतो."

पोरगी माह्याकडं पाहून राह्यली होती. मी फोन काढला, उगाच कानाले लावला, अन् म्हटलं, "लागून नाही राह्यला."